वारा पडलेले नऊ दिवस

६ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. तुझ्या आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमीच, असं तिचं मत. फोनवर आपण दोघं मुद्द्यावर यायच्या आधीच भांडतो, म्हणून हे पत्र. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

तुमच्या वीज नियोजन कार्यालयाचा पंचवीस वर्षांचा आराखडा हरकतींसाठी वाचनालयात ठेवलाय. तीन दिवस जाऊन दोनशे पानं वाचली. आमच्या केंद्रात दोन नव्या अणुभट्ट्या नकोत, त्याऐवजी वारा, ऊन आणि साठवलेली वीज, असं माझ्याच मुलीने लिहिलंय. एकतीस वर्षं मी त्या भट्टीसमोर पाळ्या केल्या. एकदाही कुणाला घाबरून पळावं लागलं नाही. तिच्याच उजेडात तू अभ्यास केलास. तुला भिंगरी म्हणायला लागलो तेव्हाच कळायला हवं होतं, की ही पोरगी एक दिवस वाऱ्याच्या पक्षाला जाणार!

चेष्टा पुरे. तुझ्या धाकट्या भावाने नव्या भट्ट्यांच्या भरवशावर वेल्डिंगची अवघड परीक्षा दिली, पासही झाला. त्याला मी काय सांगू, तेवढं लिही.

राग आहे, पण आशीर्वाद त्याहून जुने आहेत.

तुझा,
बाबा


१३ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनशे पानं वाचणारे तुम्ही पहिलेच. आमच्या साहेबांनीसुद्धा ऐंशीवर सोडलं.

तुमच्या भट्टीवर माझा राग नाही, बाबा. ती नीट चालली ती तुमच्यासारख्या माणसांमुळे. पण नवी भट्टी उभी राहून पहिला दिवा लागायला पंधरा वर्षं जातील. पवनचक्की तीन वर्षांत फिरायला लागते. गेल्या दोन उन्हाळ्यांत नदी इतकी आटली आणि तापली, की थंड करायला पाणी पुरेना आणि तुमची भट्टी निम्म्यावर चालवावी लागली. हे तुम्हीच मला सांगितलंत. आणि वापरलेलं इंधन अजून आवारातल्या हौदातच आहे. ते ‘तात्पुरतं’ ठेवलं तेव्हा मी पाळण्यात होते.

धाकट्याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. खोटा धीर देणार नाही.

आईच्या गुडघ्याला शेक द्या. रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
भिंगरी


२१ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

नदीचं तू बरोबर लिहिलंस. म्हणून जास्त राग आला.

आता मुद्द्याचं. शेवटी जोडलेल्या तक्त्यांत तू वाऱ्याच्या वीस वर्षांच्या नोंदी घेतल्यास. बावीस वर्षांपूर्वीचे नऊ दिवस त्यांत नाहीत. धुकं असं बसलं होतं की दारातून रस्ता दिसेना. झाडाचं पान हलत नव्हतं. सूर्य उगवला हे घड्याळाकडे बघून मानायचं. पुढच्या पाळीची माणसं पोचूच शकली नाहीत. आम्ही सातजण कंट्रोल रूममध्येच आळीपाळीने आडवे व्हायचो. सगळा प्रदेश आमच्या भट्टीवर तगला. तुझ्या आराखड्यात साठा तीन दिवसांचा. चौथ्या संध्याकाळी काय करशील?

जुन्या सोबत्यांना वाटतं, हे थेट आराखड्याच्या जाहीर सुनावणीत काढावं, म्हणजे आराखडा तिथल्या तिथे आडवा होईल. मी बोलणार आहेच, बोलणाऱ्यांच्या यादीत चौदावा क्रमांक लागलाय. पण स्वतःच्या मुलीला बेसावध गाठणं मला जमेना. म्हणून आधी कळवतो.

तुझा,
बाबा

ता. क. मी आई. तुम्ही दोघंही फार शहाणे. पण तुझा खोकला गेला का, हे तुझा बाबा विचारत नाही आणि तू लिहीत नाहीस. मी अडाणी, मला तेवढंच सांग.


४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईला सांगा, खोकला गेला.

डोंगरावरच्या वेधशाळेत जाऊन जुन्या वह्या काढल्या. नऊच दिवस. तुमचा एक दिवसही चुकलेला नाही. ते आकडे घातले आणि चौथ्या संध्याकाळी माझ्या कागदावर निम्मा प्रदेश अंधारात गेला.

ते दिवस मलाही आठवतात. अकरा वर्षांची होते. बाबा कधी येणार म्हणून मी रडायचे, तेव्हा आई बल्बकडे बोट दाखवायची. तो जळतोय ना, म्हणजे तुझा बाबा जागा आहे, असं म्हणायची.

साहेब म्हणतात, नियम वीस वर्षांचा आहे, आपण नियमात आहोत, उगाच खपली काढू नये. मी दोन दिवस गप्प राहिले. ती लाज फक्त तुम्हाला सांगते. तिसऱ्या दिवशी सगळं नव्याने मांडलं. भट्टीची बाजू वरचढ ठरली असती तर तसं लिहिलं असतं. एक अख्खी दुपार काय निघेल ते मलाच माहीत नव्हतं. शेवटी निघालं ते असं: शिल्लक विजेवर पाणी डोंगरावर चढवायचं आणि नड पडली की खाली सोडायचं, असं आणखी एक धरण हवं. शेजारच्या प्रदेशातून विजेची मोठी वाहिनी हवी. आणि तुमची जुनी भट्टी दोन वर्षांत बंद करणार होतो, ती आठ वर्षं चालवावी लागेल. खर्च वाढला, मुदत वाढली. तरी वारा-ऊन पुढेच राहतं, पण थोडक्यात.

साहेबांना सांगितलंय, सुनावणीत चूक मीच वाचून दाखवणार. तुम्ही तुमचं बोला. हातचं राखू नका.

भिंगरी


१९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सुनावणीहून आलो तो काल दिवसभर आडवाच होतो. आईने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला.

पहिला मसुदा चुकला होता, चूक एका निवृत्त ऑपरेटरने दाखवली आणि तो माझा बाप आहे, असं तू भर सभेत सांगितलंस. नातं आहे तर हिला या कामातून काढा, असं मागून कोणी ओरडलं आणि अध्यक्षबाईंनी तेही लिहून घेतलं, तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. माझी पाळी आली. चार पानं लिहून नेली होती, दोनच वाचली. नव्या भट्ट्या हव्यात, सगळा भार आभाळावर टाकू नये, हे ठासून सांगितलं. पण आकडे आता खरे आहेत, मी दोनदा तपासलेत, हेही सांगावं लागलं.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. फितूर, असं एक जण पुटपुटलं. एकतीस वर्षं ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांच्याकडून.

एक मागतो. निकाल तुझ्या बाजूने लागला तर केंद्रात चार ओळींचं परिपत्रक पाठवू नकोस. स्वतः ये.

तुझा,
बाबा


२८ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नवा आराखडा दोन मतांच्या फरकाने मंजूर झाला. पेढे वाटावेत असा आनंद होईल वाटलं होतं, झाला नाही. पहिलं पत्र तुम्हालाच लिहितेय.

धाकट्याशी बोलले. जुनी भट्टी बंद झाली की ती सुटी करून उतरवायला वीस वर्षं लागतील, आणि कापणाऱ्या-जोडणाऱ्या पक्क्या हातांची गरज पडेल. तो म्हणाला, बांधायला मिळालं नाही, निदान उसवायला मिळेल. हसून म्हणाला, पण मला हसू आलं नाही.

सोमवारी दुपारी केंद्राच्या कँटीनमध्ये सगळ्यांना निकाल सांगायला येते. साहेब म्हणाले, गरज नाही. मी म्हटलं, बाबांनी सांगितलंय.

भिंगरी


१२ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सोमवारी तू लगेच निघालीस, म्हणून लिहितो. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो. पुढे बसलो असतो तर तुझंही नुकसान, माझंही. तीनशे माणसं होती आणि निम्मी तुला बोलू देत नव्हती. मग क्रेन चालवणाऱ्या बाई उठल्या. आठ वर्षांनी सगळ्यांना काम मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, दहांतल्या सातांचं सांगू शकते, उरलेल्या तिघांचं आज मला माहीत नाही.

ओरडणारे खाली बसले. वरच्या कार्यालयातून आलेल्या कोणी ‘माहीत नाही’ म्हटल्याचं मला एकतीस वर्षांत आठवत नाही. टाळी कोणी वाजवली नाही. मीही नाही. माझं मत बदललेलं नाही, हे ध्यानात ठेव.

काल त्या बाई घरी आल्या. बसमध्ये पुटपुटल्या होत्या त्या याच. चहा घेतला, आईच्या गुडघ्याची चौकशी केली, मग तुझा पत्ता मागितला. त्या तिघांचं कळेपर्यंत दर महिन्याला तुला एक पत्र टाकणार म्हणाल्या.

मी पत्ता दिला. कार्यालयाचा नाही, घरचा. प्रत्येक पत्राला उत्तर जाऊ दे, आणि ते तुझ्या हाताचं असू दे.

आशीर्वाद नेहमीचेच. या वेळी त्याबरोबर नमस्कारही.

तुझा,
बाबा