पाचवी पाठ

५ जानेवारी, सोमवार

पोचले एकदाची टांझानियाच्या पार टोकाला, माफिया बेटावर! बोटीत एका बाईच्या कोंबड्यांची टोपली तीन तास मांडीवर धरून बसले होते, तरी तोंडावरचं हसू काही जाईना. टांगा शहरातल्या शाळेत सहा वर्षं गणित शिकवलं. आता सहा आठवडे इथे उमेदवारी करायची की डाइव्हमास्टरचं कार्ड हातात. मग पाहुण्यांना समुद्राखाली फिरवायचं आणि सुखरूप वर आणायचं. आई निघताना म्हणाली, "झुहु, चांगली सरकारी नोकरी सोडून माशांना पाढे शिकवायला चाललीस."

माझी खोली टाक्या भरायच्या शेडमागे आहे. खिडकीतून खारफुटी आणि अख्खा उपसागर दिसतो. पेम्बा बेटावरून आलेला हमादी माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच उमेदवार. त्याने माझी ट्रंक डोक्यावर घेतली आणि गरम गरम तळलेले गोड मांडाझी खिलवले. मला लगेच "ताई" म्हणायला लागला. शिकवणारे अथुमानी सर कमी बोलतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, की टाकी कुणीही उचलेल. पाण्याखाली दर पाच मिनिटांनी डोकी मोजायची आणि आकडा चुकू द्यायचा नाही, एवढं जमलं की तू डाइव्हमास्टर. मला हसूच आलं. मोजणं? तेच तर मला येतं.

१० जानेवारी, शनिवार

पाच दिवसांत एकदाच पाण्यात उतरले. बाकी वेळ टाक्या वाहायच्या, ओले रबरी पोशाख गोड्या पाण्यात बुचकळायचे, वाळत घालायचे, पुन्हा बुचकळायचे. हाताची सालं निघाली. हमादीला मात्र रोज बोटीवर घेतात. विचारलं तर सर म्हणाले, "मास्तरीणबाई, आधी धुणं शिका." हमादी गालात हसला. मग संध्याकाळी माझ्या वाटणीचे दहा पोशाख त्यानेच पिळून टाकले, त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येईना.

१७ जानेवारी, शनिवार

आज पहिल्यांदा शेपटाला राहून मोजायचं काम मिळालं, आणि पहिल्याच दिवशी नाक कापलं गेलं.

जागा म्लांगोची. म्हणजे उपसागराचं तोंड. भरतीचं सगळं पाणी तिथून आत घुसतं आणि माणसाला सोबत वाहून नेतं. पुढे सर, मध्ये चार पाहुणे, मागे मी. मला सगळ्यांच्या फक्त पाठी दिसतात. सरांनी मागे वळून खुणेने विचारलं, किती? मी त्यांना सोडून मोजलं आणि पाच बोटं दाखवली. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा पाच.

बोटीवर पाहुणे चौघेच चढले. पाहुण्यांदेखत सर म्हणाले, की गणिताच्या बाईंना चारापुढे गोंधळ होतो. मी मान खाली घालून फिन्स गोळा केले.

२० जानेवारी, मंगळवार

आजही पाच. मी गंमत करत नव्हते, झोपेतही नव्हते. हातमोजा काढून एकेका पाठीला एकेक बोट मिटत गेले. सर्वांत डावीकडची पाठ काळी, पोशाखावर कसलीच पट्टी नाही. आणि एक गोष्ट लक्षात आली. पाठी पाच होत्या, पण बुडबुड्यांच्या माळा चारच वर जात होत्या.

मी तिच्याकडे वळले तेवढ्यात पाण्याचा लोंढा आला. स्थिरावले तोवर चारच उरले होते. सरांना मी पाच कळवून मोकळी झाले होते.

सरांनी माझ्या कागदावर 'नापास' लिहिलं. आणखी एकच संधी मिळेल म्हणाले. बुडबुड्यांचं सांगितलं तर विचारतात, रात्री झोपतेस ना नीट? संतापाने रडू आलं. खरं मोजल्याबद्दल नापास!

२४ जानेवारी, शनिवार

हमादीला खोदून खोदून विचारलं, की तुझा आकडा रोज बरोबर कसा येतो. आधी उडवाउडवी केली, मग म्हणाला, "ताई, मी मोजतच नाही. बोटीतून जेवढे उतरले तेवढी बोटं दाखवतो. इथे सगळे तेच करतात. तूही कर आणि कार्ड घेऊन घरी जा."

मी त्याला म्हटलं, की मला ते जमणार नाही. तो म्हणाला, की म्हणूनच तू अजून पोशाख धुतेस.

बोट चालवणारे म्हातारे खातिबबाबा जाळं शिवत ऐकत होते. हमादी गेल्यावर त्यांनी सांगितलं, की तेही चाळीस वर्षांत कधी डोकी मोजत बसले नाहीत. शिडीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला ते नाव विचारतात आणि नाव ऐकल्याशिवाय हात देत नाहीत. मला वाटत होतं, म्हाताऱ्याला विसरायला होतं म्हणून विचारतात. का, असं विचारलं, तर म्हणाले, "ज्याला नाव नाही त्याला मी बोटीत का घेऊ?" आणि दात लावून दोरा तोडला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पास! पास! पास!

तीन पाहुणे आणि चौथा हमादी. खातिबबाबा मयतीसाठी शेजारच्या बेटावर गेलेत, म्हणून बोटीवर दुसराच माणूस होता. त्याने भराभर हात देऊन सगळ्यांना वर ओढलं. म्लांगोत मी पाच वेळा मोजलं, बोटं मिटून, अगदी प्रामाणिकपणे. पाचही वेळा चारच आले! पाण्याखालीच ओरडावंसं वाटलं. म्हणजे आधी माझीच नजर चुकत होती. चुकू दे, आता काय त्याचं!

सर मात्र हमादीवर चिडलेत. परीक्षेचा डाव म्हणून त्याला मध्येच बाजूला सरकून खडकाच्या फटीत लपायला सांगितलं होतं. तो दिसत नाही हे मला कळतं का, मी त्याला शोधून काढते का, तेच बघायचं होतं. हा लपलाच नाही. सर म्हणाले, जाऊ दे, आकडा तर बरोबर होता. सही केली.

हमादीला चहा द्यायला गेले. त्याने कपाला हातही लावला नाही. सरांचं बोलणं लागलं असेल.

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी टाक्या भरायला घेतल्या. चौदा नंबरची, हमादीने काल पाठीवर नेलेली, उचलतानाच जड लागली. काटा लावून बघितला. दोनशे बार. भरलेली. पाण्याखाली पन्नास मिनिटं राहून आला आणि एकही श्वास घेतला नाही?

सरांना दाखवलं. ते म्हणाले, दुसऱ्या कुणी भरली असेल. पण काल बोट परतल्यापासून टाक्या भरायच्या यंत्राची किल्ली माझ्याच कमरेला आहे!

हमादी कालपासून शेडच्या ओट्यावर बसून आहे. चहा तसाच, त्यावर साय धरलीय. केस अजून ओले. त्याचा फोन वाजत होता, तो नुसता बघत राहिला. शेवटी मी उचलला. त्याची आई होती. पोरगा जेवतो ना वेळेवर, विचारत होती. मी म्हटलं, हो, थोडा थकलाय.

फोन ठेवला आणि मग डोक्यात आलं. म्लांगोत नेहमी एक जास्त असतो. काल चार होते. म्हणजे आपल्यातला एक नव्हता.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सरांच्या पाया पडले. म्हटलं, त्या फटीत कुणीतरी उतरून बघा. त्यांनी ओट्याकडे बोट केलं. म्हणाले, "तो समोर बसलाय, आणि त्याला शोधायला मी समुद्रात माणसं पाठवू?" चौकीवर गेले. तिथेही तेच. हरवलेल्याचं नाव काय? हमादी. मग परवा बोटीतून उतरला तो कोण? हमादी. हसले सगळे.

दोन दिवस. तो तिथे — आणि मी इथे लोकांची समजूत घालतेय.

दुपारी खातिबबाबा परतले. सरळ ओट्यासमोर जाऊन उभे राहिले आणि नाव विचारलं. तीनदा विचारलं. त्याने तोंड उघडलं. आतून पाणीच आलं, बराच वेळ.

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, की उद्या सकाळी ओहोटी संपता संपता निघू.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडला.

अठरा मीटरवर, त्याच फटीत. जॅकेटचा पट्टा खडकाच्या दातात अडकला होता. टाकी चौदा नंबरची. काटा शून्यावर. मी पट्टा कापला. बाबांनी वरून दोर सोडला.

मनगटाला लिहायची पाटी बांधलेली. माझ्यासाठी आधीच लिहून ठेवलं होतं — "सापडलो! चहा तुझ्याकडून, ताई." लपून वाट बघत होता. मी येईन म्हणून. मी वरून गेले. चार मोजून, खुशीत —

बाबा माणसं आणायला गेलेत. जुम्म्याची नमाज चालू आहे, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. मला म्हणाले, त्याच्यापाशी बस, वेळ, खोली, जागा, सगळं लिहून ठेव, पोलीस विचारतील. म्हणून लिहितेय. चेहऱ्यावर माझी ओढणी घातलीय. आता दोन हमादी आहेत. आता तरी त्यांना मानावं लागेल.

ओटा रिकामा आहे. आत्ता बघितलं. मघाशी होता —

खारफुटीतून येतोय. वाळूत पाय उमटतात, पण पाण्याने भरलेले. हाक मारली बाबांना. अजान नाही, आवाज नाही, कुणी नाही.

आला. समोर बसला. त्याच्याकडे बघतच नाही. ओढणीकडेही नाही. माझ्याकडे.

चेहरा सुटतोय. हमादीचं नाक राहिलं नाही. गाल — मेण वितळावं तसे. उठता येत नाही मला, हात तेवढा चालतोय. लिहीत राहिले तर — खातिबबाबा येतील तोवर —

आठ वर्षांची असताना विहिरीच्या काठावर पडले होते, हनुवटीवर तीन टाक्यांची खूण आहे माझ्या. त्याच्या हनुवटीवर आता एक, दोन —

हसला. तोंडात पाणी नाही आता. माझ्याच आवाजात म्हणतोय, माझं नाव झुहु