डाव्या पायासाठी गाणं

४ जानेवारी

चि. डब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कानांवर दिवसभर ते हेडफोन, त्यामुळे तुला फोन करणं म्हणजे भिंतीशी बोलणं. म्हणून पत्र. लहानपणी माझे सगळे डबे बडवून पोचे पाडलेस, त्याच्या बदल्यात आता एक सल्ला दे.

काकांचं बोलणं पूर्ववत झालं आहे, म्हणजे टोमणेही पूर्ववत. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून डावा पाय त्यांचं ऐकत नाही. उजवा पडतो, मग डावा सवडीने येतो. ज्या माणसाने जन्मभर शाळेकडून कवायत करून घेतली, त्याच्या स्वतःच्या पायाने असा बेशिस्तपणा करावा याचा त्यांना फार राग आहे. व्यायाम घ्यायला बाई येतात, त्या म्हणाल्या संगीताच्या ठेक्यावर चालवा. आम्ही लावून पाहिलं. ठेका पुढे निघून जातो, काका मागे राहतात आणि चिडून खुर्चीत बसतात. आता तर उठायलाच तयार नाहीत. बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, की असेच बसून राहिले तर पुढे उठवणं फार अवघड जाईल. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही.

म्हणून ठरवलंय, त्यांच्या पावलांना सोसेल असं गाणं आपणच करायचं. तुझ्या आतेबहिणीचा जुना कीबोर्ड कपाटावर पडून आहे. तुम्ही लोक ज्यात गाणी जुळवता ते सॉफ्टवेअर शिकवणारा एक ऑनलाइन कोर्स मी पाहून ठेवला आहे, पण त्याला पैसे पडतात. घेऊ का? काका म्हणतात, शिवणकामात लोकांचे कपडे उसवून झाले, आता ही आमचे कान उसवणार.

माझी माया तुझ्यावर आहेच, तुझं उत्तरही माझ्यावर असू दे.

तुझी आत्या

१२ जानेवारी

ती. सौ. आत्यास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

डब्यांचा हिशेब आईने तेव्हाच चुकता केला होता, माझ्या पाठीवर.

कोर्स अजिबात घेऊ नकोस. मी सगळं फुकटचे व्हिडिओ बघून शिकलो आणि आज बिस्किटांपासून फिनेलपर्यंत सगळ्यांच्या जाहिरातींना संगीत देतो. त्या कोर्समध्ये काय असतं ते मला तोंडपाठ आहे. कोरलेली दाढी, पाठीमागे निळा दिवा, आणि जे नेटवर सांडलेलं आहे तेच गोळा करून विकायचं. शिवाय आपलं घराणं तुला ठाऊक आहे. आजोबा मिक्सरची पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय कुणाला बटणाला हात लावू देत नसत, तोवर आजीचं वाटण हातानेच वाटून झालेलं असे. तू त्यांचीच मुलगी. सगळे धडे बघशील, मन लावून माना डोलावशील, आणि सॉफ्टवेअर तसंच बंद राहील.

तुझा त्रास वाचावा म्हणून मीच एक ठेका करून पाठवला आहे. काकांना माझा सलाम, तोही सावधानमध्ये उभा राहून. बाईंचं ते बोलणं वाचल्यापासून मलाही घोर लागला आहे, तेव्हा त्यांचं काय ते लगेच कळव.

आहे तेवढा लोभ ठेव, वाढवलास तरी तक्रार नाही.

तुझा डब्या

९ फेब्रुवारी

चि. डब्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझा ठेका काकांनी पूर्ण ऐकला. म्हणाले, हे ऐकून चालावंसं वाटत नाही, बिस्किट खावंसं वाटतं.

तुझं ऐकून मी आधी फुकटच्या व्हिडिओंचीच पायरी चढले. एक मुलगा म्हणाला कोपऱ्यातलं हिरवं बटण दाबा, माझ्याकडे हिरवं बटणच नाही. दुसरा म्हणाला, मागच्या भागात सांगितल्याप्रमाणे, आणि तो मागचा भाग काही सापडेना. शेवटी मांजराच्या आवाजातून गाणं कसं करायचं तेवढं एक नीट समजलं. आपल्याकडे मांजर नाही. तेव्हा मी पैसे भरले. दाढी आणि निळा दिवा तू बरोबर ओळखलास, पण मुलगा ओळीने शिकवतो आणि प्रश्न विचारला तर उत्तर देतो. हे माझ्या सख्ख्या भाच्याला जमत नाही.

आता जे झालं ते ऐक. मी काकांना गोड बोलून एकदा व्हरांड्यातून चालवलं, भिंतीशी फोन ठेवून पावलांचा आवाज घेतला. कोर्समध्ये एक धडा आहे, ठोके मागेपुढे पडले असतील तर सगळे निवडायचे आणि एक बटण दाबायचं, की प्रत्येक ठोका आपापल्या रेघेवर जाऊन बसतो. मी दाबलं. इतकं सुबक झालं, की मी हातातलं काम टाकून त्यांना ऐकवायला धावले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, हा कोण चालतोय. मी म्हटलं, तुम्हीच. ते म्हणाले, छे, हा कुणी धडधाकट माणूस आहे. मग भिंतीकडे तोंड करून पडले ते जेवायलाही उठले नाहीत.

अरे, मी जन्मभर गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा बेतत आले. एक खांदा उतरता असला तर कोट तसा बेतते, खांद्याला वर ओढत नाही. आणि घरच्या माणसाचं पाऊल मात्र सरळ करून त्याच्याच हातात दिलं. मला फार वाईट वाटतंय. काहीतरी सुचव.

चेष्टा मागाहून कर, जीव आधी लाव.

तुझी आत्या

१५ फेब्रुवारी

ती. सौ. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून हेडफोन काढून ठेवले, आता तरी खरं मान.

घाबरू नकोस. काकांची खरी पावलं पुसली गेलेली नाहीत, तू केलेलं मागे घेतलंस की ती जशीच्या तशी परत येतील. ते बटण पुन्हा दाबू नकोस. पावलांना रेघांवर नेण्याऐवजी रेघाच पावलांखाली आणता येतात, म्हणजे उजव्यानंतर डावा जितका वेळ घेतो तितका वेळ गाणंही थांबतं. अशी सोय त्यात आहे हे मला ऐकून माहीत आहे, कशी वापरतात ते माहीत नाही. कधी गरज पडली नाही, बिस्किटं लंगडत नाहीत. तुझ्या दाढीवाल्या गुरुजींना विचार. पैसे घेतलेत, तर घाम गाळू देत.

काका जेवले का ते आधी कळव. नेहमीचा नमस्कार आहेच, या वेळी जरा जास्त वाकून.

डब्या

२० मार्च

चि. डब्यास,
अ. उ. आशीर्वाद.

जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मिठाबद्दल बोलले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

गुरुजींना विचारलं. आधी ते म्हणाले, असं सहसा कुणी करत नाही. मग मी कारण लिहिलं, तर खास माझ्यासाठी एक छोटा धडा करून पाठवला, त्यात दिवा लावायलाही विसरले होते. आता गाणं असं आहे: उजव्या पायाला जाड सूर, मग गाणं थांबतं, मग डाव्यासाठी बारीक घंटा. मी ते शिलाईच्या खोलीत तपासत होते, तर मागे काठी वाजली. काका दारात उभे. न बोलावता आले होते. म्हणाले, सूर भिकार आहेत पण माणूस ओळखीचा वाटतो. आता रोज व्हरांड्यात फेऱ्या घालतात आणि प्रत्येक फेरीत माझ्या गाण्याची एक नवी चूक काढतात. ऐकायला इतकं बरं वाटतं.

तुझ्या फुकटच्या विद्येने वाट दाखवली हे कबूल. चालवून नेलं मात्र विकतच्या विद्येने. दोन्ही बाजूंना निम्मा निम्मा लोभ.

तुझी आत्या

२ एप्रिल

ती. सौ. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

निम्मा लोभ पोचला. एक खाजगी गोष्ट. त्या कोर्सचा पत्ता पाठव. माझ्यासाठी नव्हे, एका मित्राला हवा आहे. तो मित्र जाहिरातींना संगीत देतो आणि मला आरशात रोज भेटतो. काकांना यातलं काही सांगू नकोस.

उरलेल्या निम्म्याची वाट बघत,

डब्या

२८ मे

चि. डब्यास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्ता सोबत आहे. काकांनी तो पाकिटात घालताना पाहिला आणि कारणही काढून घेतलं. माझ्या पोटात काही राहत नाही.

या आठवड्यात माझी झोप उडाली होती. काका चालताना अडखळायला लागले. एकदा तर भिंत धरली म्हणून वाचले. मला वाटलं, झालं, पुन्हा पहिल्यासारखं होणार. त्यांना काही न दाखवता बाईंना निरोप पाठवला. आज त्या आल्या. त्यांनी काकांना गाण्यावर चालवलं, मग गाणं बंद करून चालवलं, मग पुन्हा गाण्यावर. आणि मटकन खुर्चीत बसून हसायलाच लागल्या. म्हणाल्या, ताई, आता पाय उशिरा येत नाहीये, तुमची घंटा उशिरा येतेय. पाय वेळेवर पडायला निघतो आणि घंटेसाठी अर्ध्यात थांबतो, म्हणून तोल जातो.

मी खोलीत जाऊन पोटभर रडले. बाहेर आले तर काका काठी टेकून उभे. शाळेत ओरडत त्याच आवाजात म्हणाले, तुझं गाणं लंगडतंय, आधी त्याला सरळ कर.

सगळे ठोके निवडून झाले आहेत. आता ते एकच बटण दाबायचं आहे. दाबण्याआधी तुला लिहायला बसले.

सगळाच्या सगळा लोभ तुला,

तुझी आत्या