सामाईक सातबाऱ्यावरची सही

मंगळवार, दिनांक १८ नोव्हेंबर २०२५. सकाळी जाऊ लक्ष्मी आली, कागद ठेवून गेली. दुपारी मी जेवले नाही. आता लिहायला बसले आहे.

मी, शर्मिला सुदेश मुणगेकर, वय ६३, ग्रामपंचायतीची निवृत्त लिपिक, राहणार तालुका देवगड. हृदयाचे दुखणे आहे. डोके शाबूत आहे. कोणाच्या दडपणाखाली नाही. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र.

१. माझे यजमान सुदेश यांचा काजूचा कारखाना होता. मालाची ये-जा न होता बिले फाडली, असा करखात्याचा आरोप होता. बिलबुके धाकटे दीर दीपेश यांच्याकडे असत. बिले कोणी फाडली हे मला माहीत नाही. संशय आहे, आणि तो मी संशय म्हणूनच लिहिते.

२. ४ मार्च २०२४ रोजी सकाळी अकरा चाळीसला यजमान करखात्याच्या कचेरीत जबाबाला गेले. दारावरच्या वहीत त्यांच्याखाली माझी सही आहे. मी डबा घेऊन बाकावर बसले. शिपाई म्हणाला, "बाई, त्यांना अटक नाही. चौकशी चालू आहे."
"मग घरी पाठवा."
"तसं नाही जमत."
डबा तसाच परत आला. अटकेच्या कागदावर दुसऱ्या दिवशी रात्री नऊची वेळ आहे. मधले तेहतीस तास वीस मिनिटे कुठल्याच कागदावर नाहीत. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "दार उघडं असलं तरी माणसाला उठून जाता येत नसेल, तर तो ताब्यातच." वहीच्या त्या पानाची माझ्याकडची नक्कल त्यांना द्यावी. मूळ पान अजून जागेवर असेल, याची मला खात्री नाही.

३. पुढे जामीन मंजूर झाला. जामीनदार हवा होता. आमचा सातबारा दोघा भावांचा सामाईक. दीपेश यांच्या संमतीशिवाय ऐपतीचा दाखला मिळेना. त्यांनी देवळात मूर्तीला फूल चिकटवून कौल लावला. फूल उजवीकडून पडले, म्हणजे होकार. ते म्हणाले, "फूल सैल होता. पुन्ना लावया." दुसऱ्यांदा डावीकडून पडले. त्यांनी दुसरा कौल धरला. देवावर माझा संशय नाही.
जामीन हातात असून यजमान अकरा दिवस आत राहिले. बांगड्या मोडून रोख भरली तेव्हा सुटले. त्यानंतर चौथ्या महिन्यात वारले.

४. आता त्याच प्रकरणात दीपेश आत आहेत. लक्ष्मी म्हणाली, "वैनीनू, जामीन झालो, पण माणूस भायर नाय. तुमची सही व्हयी."
मी विचारले, "कौल लावलंस काय गो?"
तिने कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "माका काय बोलाचा ता बोला. पण सही करा."
मी उद्या जामीनदार म्हणून सही करणार आहे. ते निर्दोष आहेत असे मला वाटत नाही. पण कोर्टाने सोडलेला माणूस आमच्या सातबाऱ्यापायी आत राहू नये.

५. घर, काजूच्या बागेतला माझा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक मुलगी अक्षया हिला. जामीनदार मेला की जामीन संपतो आणि नवा द्यावा लागतो, असे वकीलबाईंनी सांगितले आहे. तेव्हा खटला चालू असता मी गेले, तर अक्षयाने आठ दिवसांत माझ्या जागी सही करावी. कौल लावू नये. खटला संपल्यावर पहिल्यांदा वाटणी करून सातबारा वेगळा करावा.

६. काजू सोलायच्या सुऱ्या कारखान्यातल्या बायकांना. परत आलेला स्टीलचा डबा लक्ष्मीला. का, ते तिला कळेल.

७. माझ्या बाराव्याला दीपेश यांनी यावे. भाषण करू नये.

वाचून पाहिले. बरोबर आहे. साक्षीदारांसमक्ष सही करते.

शर्मिला सुदेश मुणगेकर

साक्षीदार:
१. धोंडू विठू लाड
२. संचिता बाळा वाडेकर

तालुका देवगड, १८ नोव्हेंबर २०२५

ता. क. साक्षीदार चहा घेऊन गेले. कलम सहामधला डबा माळ्यावरून काढला, चिंच लावून घासला आणि पालथा घातला आहे. उद्या दीपेश यांना जेवण न्यायला लागेल.