काही जुन्या पद्धती

सर, मागच्या महिन्यात एक शोधनिबंध माझ्याकडे परीक्षणाला आला. परीक्षकाने बाहेर तोंड उघडायचं नसतं, म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्याकडून बातमी फुटायची भीती नाही. उच्चदाबाच्या तारा तापून किती खाली येतात, हा विषय. तुमचाच, म्हणून हौसेने वाचायला घेतला, आणि मधल्या एका पानावर अडकले. तुमच्या सूत्रात तार थंड करायला थोडा तरी वारा धरलेला आहे. निबंध लिहिणाऱ्या मुलीने मे महिन्यात, वारा पूर्ण पडलेल्या दुपारी, प्रत्यक्ष मोजलं. तार तुमच्या हिशोबापेक्षा बरीच खाली येते. तुमच्या वेळी खाली शेतं होती. आता ती गावं पुण्यात आली, तारांखाली गच्च्या आहेत आणि मे महिन्यात तिथे बायका वाळवणं घालतात.

तिचीच चूक निघावी म्हणून मी पुन्हा पुन्हा आकडेमोड केली. निघाली नाही. तिने सभ्यपणे ‘काही जुन्या पद्धती’ एवढंच लिहिलं होतं, तुमचं नाव कुठेच नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि लगेच तुमच्या स्वयंपाकघरातली ती सकाळ आठवली. तुम्ही चहा गाळताय, मी ओट्याशी उभी राहून माझं पहिलं परीक्षण वाचून दाखवतेय. ‘काही संशोधकांच्या पद्धतीत दोष आहे’ हे ऐकून तुम्ही गाळणं खाली ठेवता. "काही म्हणजे कोण? अहो, परीक्षण लिहिताय की लग्नातला रुसवा काढताय? नाव घ्या, नाहीतर वापरणारे वापरतच राहतील." तेव्हा मी घरी जाऊन रडले होते. तुमचं सूत्र अजून कितीतरी कचेऱ्यांत वापरतात, सर. मी लिहिलं, निबंध स्वीकारावा, मात्र जुनी पद्धत कुणाची ते नावानिशी सांगावं. लिहिताना तुमचा फार राग आला.

परवा नारायण पेठेत काकूंकडे गेले होते. त्या आता फारशा उठत नाहीत.

"काय गं, ह्यांचं नाव आता कुठे येतं का? की विसरले सगळे?"

"येणारे, काकू. एका नव्या निबंधात."

"कशाबद्दल?"

"तारांबद्दलच."

त्यांचा चेहरा खुलला. भिंतीला धरून उठल्या, डबा काढला आणि माझ्या हातावर साखर ठेवली. "तूच केलंस ना गं हे?"

मी हो म्हणाले आणि साखर खाल्ली.