गुरुवारी दिवे कोण लावायचं

मी, ऑड्री क्रॅबट्री, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा नाटके बसवणे, कविता करणे आणि पेगन, म्हणजे जुन्या निसर्गपूजकांच्या, रीतीने लोकांची लग्ने, बारशी व अंत्यविधी लावणे, राहणार स्कारक्लफ, कॅल्डर खोरे, यॉर्कशर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. ठिकाण कोणते, ते त्यांनी लिहिलेले नाही.

माझे वकील श्री. पिकल्स यांचे म्हणणे, कलमे थोडक्यात असावीत. त्यांनी माझे एकही नाटक पाहिलेले नाही, नाहीतर अशी अपेक्षा ठेवली नसती.

कलम १. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. विशेषतः १९८८ सालचे, ज्यात मी सगळी मिळकत आमच्या नाटकातल्या बोकडाच्या नावे केली होती. त्या वर्षी तालमीला वेळेवर येणारा तो एकटाच होता. तो मागेच वारला.

कलम २. माझे एकेकाळचे पती नॉर्मन हॅली यांना काहीही देऊ नये. आमचा संसार अकरा महिने चालला. १९७९ साली मध्यंतरात ते राजाच्या पोशाखात चहा घ्यायला म्हणून बाहेर पडले आणि परत आले नाहीत. दुसरा अंक आम्ही राजाविना केला. प्रेक्षकांपैकी एकालाही फरक जाणवला नाही, हे त्यांना आवर्जून कळवावे. मुकुट त्यांच्याकडेच राहू द्यावा.

कलम ३. कॅनलकाठची शेड, जिला गाव ‘एग बॉक्स’ म्हणते, तिच्यातल्या एक्केचाळीस खुर्च्या, पडदे, पोशाख आणि गळकी मोरी यांसह ब्रायनी अटली हिच्या हवाली करावी. ब्रायनी परिचारिका आहे, गेली वीस वर्षे माझ्याकडे विधी शिकते, आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करायची आहे. शेडमध्ये पूर्वी अंडी खोक्यांत भरत. आमच्या पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांनी काही परत आणून दिली होती. शेड पाडून तिथे सदनिका बांधू म्हणणारे गोड बोलत येतील. त्यांना पुढच्या रांगेत बसवून माझे चार अंकी नाटक दाखवावे. पुन्हा येणार नाहीत.

कलम ४. माझे अंत्यविधी गावच्या प्रार्थनाघरात, चॅपलमध्ये, नकोत. वरच्या माळावर, ब्रायनीच्या हातून, वीस मिनिटांत उरकावेत. चारी दिशांना हाक द्यावी. पण पूर्व कुठली यावर २००३ च्या वसंतपूजेत झाला तसा तंटा नको, होकायंत्र घेऊन जावे. पाव आणि मधाची दारू सगळ्यांत फिरवावी. पलंगाखाली माझ्या कवितासंग्रहाच्या तीनशे प्रती आहेत. येणाऱ्या प्रत्येकाने दोन न्याव्यात, सबबी ऐकू नयेत.

मी या वाटेला कशी लागले, हे लोक विचारतात. देवी शोधायला गेले नव्हते. १९८१ साली आमच्या कंपनीतली नटी रोझलिंड गेली. ज्या पाद्र्यांनी तिच्या दफनाची प्रार्थना म्हटली त्यांनी तिचे नाव तीनदा चुकवले, तिसऱ्यांदा तर पुरुषाचे घेतले. आम्ही सहाजण तसेच माळावर चढलो आणि वाऱ्यात उभे राहून तिचे नाव नीट घेतले. पुढच्या आठवड्यात एक खाटीक दारात आला. म्हणाला, “बाई, माझ्या आईचं नावही जरा अवघड आहे.” तेव्हापासून हेच चालले आहे. दोनशेच्या वर जोडप्यांच्या मनगटांना मी फीत बांधली आणि त्यांना झाडूवरून उड्या मारायला लावल्या. काहींनी पुढे तोच झाडू एकमेकांवर उगारला, त्याची जबाबदारी मी घेत नाही.

कलम ५. माझे राहते घर माझी धाकटी बहीण म्युरिअल सटक्लिफ हिला मिळावे. ती माझ्याशी बारा वर्षे बोललेली नाही. आमची घरे एकाच गल्लीत आहेत. बसमध्ये ती पुढे बसते, मी मागे.

याचे कारण लिहिणे भाग आहे. म्युरिअलचे यजमान क्लिफर्ड गालिच्यांच्या गिरणीत वीजतंत्री होते आणि चॅपलचे कारभारी. १९८६ साली एका गुरुवारी ते शेडमध्ये आले, छताकडे पाहिले आणि म्हणाले, “ऑड्री, ही वायरिंग नाही, हा सामुदायिक खुनाचा कट आहे.” शिडी मागितली. त्यानंतर सव्वीस वर्षे दर गुरुवारी आमचे दिवे त्यांनीच सांभाळले. म्युरिअलला सांगत, हिरवळीवर गोळे घरंगळवायला, बोल्स खेळायला क्लबात जातो. आमच्या वडिलांनी मला घराबाहेर काढले ते नाटकापायी, आणि म्युरिअल वडिलांचीच लेक. म्हणून मीही गप्प राहिले.

२०१३ साली फुप्फुसांनी त्यांना अंथरुणाला खिळवले. म्हणाले, “चॅपलवाले माझ्याबद्दल चांगलंच बोलतील. पण दिव्यांबद्दल कोण बोलणार? तू बोल.” आणि आपला विधी मीच करावा, असे लिहून त्यांनी अंत्यसंस्कारवाल्याकडे परस्पर देऊन ठेवले. म्युरिअलला ते त्या माणसाकडून कळले. ती माझ्या दारात आली.

“नवरा माझा, माती माझी, आणि मंत्र तुझे?”

म्युरिअलने माळावर ऐकले तर ऐकू दे, पण एरवी तिला सांगायचे नाही, असा शब्द क्लिफर्डनी माझ्याकडून घेतला होता, म्हणून दारात गुरुवारांबद्दल मी बोलले नाही. तिला वाटले, मी तिच्या नवऱ्याचे शेवटचे कार्य हट्टाने बळकावले. विधी चालू असताना ती माळाखाली गाडीत काचा वर करून बसून राहिली. आता माझ्यामागे तरी तिला खरे कळावे, म्हणून हे कलम.

(इथे माझे लिखाण तीन दिवस थांबले. वरचे श्री. पिकल्स यांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. “बाई, तुमच्यानंतर हा कागद सरकारी दप्तरात जाईल. कोणीही मागून वाचेल.” मी म्हटले, “वाचू दे की.” ते म्हणाले, “आणि तुमच्या बहिणीला हे पाव घेताना दुकानात कळलं तर?” हा माणूस नाटके पाहत नाही, पण प्रवेश कुठे चुकतोय ते त्याला कळते.)

मंगळवारी दुपारी मी म्युरिअलकडे गेले. बेल वाजवण्याआधी दोनदा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. पन्नास वर्षे रंगमंचावर काढली, एवढी कधी घाबरले नव्हते. तिने दार उघडले, साखळी लावूनच.

“कोण मेलं?”

“कोणी नाही. अजून.”

“मग?”

मी फटीतून हेच कलम वाचून दाखवले. ‘सव्वीस वर्षे दर गुरुवारी’ इथवर आले तेव्हा साखळी निघाली. तिने मला बैठकीत नेले आणि शेकोटीच्या फळीवरचा एक छोटा चषक माझ्या हातात दिला.

“हा १९९४ मध्ये आणला त्याने. बोल्समध्ये दुसरा आलो म्हणाला. उलटा कर.”

बुडाशी कोरलेले होते: मुलींची पोहण्याची स्पर्धा, चौदा वर्षांखालील.

मला हसू आले, आणि पाठोपाठ फार वाईट वाटले. “म्हणजे तुला तेव्हापासून—”

“पुढच्याच गुरुवारी त्याच्या मागोमाग निघाले आणि तुझ्या त्या खुराड्याबाहेर जाऊन उभी राहिले. आत तुम्ही कसल्याशा ढगावर भांडत होता. आणि तो हसत होता, ऑड्री. माझ्या घरात तो असा कधी हसला नाही.” तिने चषक माझ्याकडून काढून घेतला, एप्रनला पुसला. “वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. तो गेला तरी सांगितलं नाही. मग वाटलं, तू तरी सांगशील. तू आलीस ती काळा झगा घालून, चार दिशांना ओरडायला.”

“त्याला शब्द दिला होता गं.”

“आणि मला काय दिलंस? एकदा बोलावलं असतंत तर पहिल्या रांगेत बसले असते. नावं ठेवली असती, पण बसले असते.”

मी चुकले असे तोंडाने म्हटले, आणि आता लिहूनही देते: एका माणसाला दिलेला शब्द पाळण्याच्या नादात मी माझ्या बहिणीला बारा वर्षे एकटे पाडले. मग पिशवीतून क्लिफर्डची दिव्यांची वही काढून तिच्या मांडीवर ठेवली. कुठल्या वाक्याला कुठला दिवा, हे सगळे त्यांच्या हातचे. एका पानावर होते: “निळ्या उजेडात ऑड्री बुडून मेल्यासारखी दिसते. तिला सांगू नये.” म्युरिअल इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले. पुढची पाने आम्ही एकच चष्मा आळीपाळीने लावून वाचली.

कलम ५, सुधारलेले. हे मृत्युपत्र आज गुरुवारी, उद्याच्या सॅवनच्या, म्हणजे आमच्या पितरांच्या सणाआधी, एग बॉक्समध्ये सही करायचे ठरले. एक साक्षीदार समोरच्या पबचे मालक जेथ्रो बूथ, दुसरे श्री. पिकल्स स्वतः राहणार होते. त्यांनी पेनाचे टोपण काढले तेवढ्यात म्युरिअल हॅट घालून आत आली. पहिल्या रांगेत बसली, खुर्ची कडक आहे म्हणाली, आणि मग उठली.

“सही मी करते.”

“बाईसाहेब, तसं चालत नाही,” श्री. पिकल्स म्हणाले. “साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. तुम्ही सही केलीत तर घर गेलं.”

“मला एक घर झाडून होत नाही. तिचं घेऊन काय करू? बोकड बांधू?” तिने हॅट काढून बाजूच्या खुर्चीवर ठेवली. “त्याच्या वेळी मी गाडीत बसून राहिले. हिच्या वेळी माझं नाव कागदावर पाहिजे.”

मी तिला बजावले, घर चांगले आहे, मागे सफरचंदाचे झाड आहे. ती म्हणाली, “सफरचंदं मी तशीही चोरते.”

सबब सदर घरही ब्रायनीच्या हवाली व्हावे आणि बाहेरगावच्या नाटकवाल्यांच्या उतरण्यासाठी वापरले जावे. म्युरिअल सटक्लिफ हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला, आणि जेथ्रो दोनदा जांभया देत असतानाही पुरा केला. खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही करते. आम्हा सगळ्यांना प्रतिष्ठित पाहुणे समजून दिवे आज ब्रायनीने लावले आहेत, थोडे जास्तच.

सही: ऑड्री क्रॅबट्री
ठिकाण: एग बॉक्स, स्कारक्लफ
दिनांक: ३० ऑक्टोबर २०२५

साक्षीदार

१. जेथ्रो बूथ, स्कारक्लफ. धंदा: पबचालक.

२. म्युरिअल सटक्लिफ, स्कारक्लफ. धंदा: बहीण.
(श्री. पिकल्स यांची हरकत, की हा धंदा होत नाही. साक्षीदाराचे उत्तर: “चौऱ्याहत्तर वर्षं बिनपगारी करतेय. लिहा.”)