रिकामी धमनी

मी, वैजयंती विष्णू ताटके, वय एकोणऐंशी, शरीररचनेची निवृत्त शिक्षिका, राहणार लेस्टर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावावाचून, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीचा डॉक्टरी दाखला सोबत आहे. तो जोडावा लागतो, कारण माझ्या एकुलत्या मुलाने, रीडिंगच्या डॉ. कुशने, मला न तपासताच वेड्यात काढलं. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द.

कलम १. राहतं घर माझ्या जुन्या विद्यार्थिनीला, नीनाला. ती रोज येऊन माझी नाडी बघते. कुश नुसता फोनवर म्हणाला, "आई, लिसन, तुझा मेमरी गेला आहे. हाउस माझ्या नावावर कर." मी म्हटलं, "मेमरी गेली म्हणतात, बाळा. आणि माझी जागेवर आहे." तरी माझं डोकं ठिकाणावर नाही, अशी डॉक्टर म्हणून चिठ्ठी त्याने सॉलिसिटरला दिलीच. ग्रीक वैद्य गेलनने माकडं आणि डुकरं चिरून माणसाचं शरीर लिहून ठेवलं, आणि त्याच्या चुका शेकडो वर्षं खऱ्या मानल्या गेल्या. पण त्याला माणूस चिरायची बंदी होती. तुला लेस्टरची ट्रेन पकडायची बंदी कोणी केली होती?

कलम २. देह मेडिकल कॉलेजला. नव्या कायद्याने संमतीवर माझीच सही लागते, ती झाली आहे. मुलाला विचारू नये. अंत्यविधी नको. कुशला रडायचं असल्यास त्याने सुट्टीच्या दिवशी रडावं.

कलम ३. दागिने उरलेले नाहीत. मार्चमध्ये खुबा मोडून मी तीन आठवडे हॉस्पिटलात होते. जो भेटायला आला त्याच्या हातात एकेक दागिना ठेवला. पाटल्या नीनाला, बोरमाळ शेजारच्या सुहासिनीला. माझ्या यजमानांचा सोन्याचा गोफ मात्र कुशसाठी उशीखाली ठेवला होता. एकविसाव्या दिवशी तो वॉर्ड पुसणाऱ्या रवीला दिला. त्या दिवशी मी रडले, हेही नोंदवते.

कलम ४. दागिन्यांची लोखंडी पेटी, किल्लीसह, कुशला. एरासिस्ट्रेटस नावाचा ग्रीक वैद्य प्रेतं चिरायचा. धमन्या रिकाम्या दिसल्या, तेव्हा म्हणाला, यांतून वाराच वाहतो. आपला 'धमनी' शब्दही फुंकण्यावरूनच आला. पेटी उघडून तूही म्हणशील, आईजवळ काही नव्हतंच.

कुश, रक्त जिवंतपणी असतं. तेव्हा यायचं होतं.

सही: वैजयंती वि. ताटके
लेस्टर, १४ नोव्हेंबर २००७

आम्हा दोघांसमक्ष सही केली. हात कापत नव्हता.
साक्षीदार: १. शशिकांत गुर्जर २. सुहासिनी पेठे