प्लेट पाहिली

९ नोव्हेंबर १९६४
रायफल रेंजच्या दारावर नोटीस. मागची भिंत पाडून नवी बांधेपर्यंत फक्त टू-टू बोअर, तीही शिशाची मऊ गोळी. माणशी रोज दहा. घरची गोळी बंद, मोठी रायफल बंद. रिकाम्या पुंगळ्या मोजून परत करायच्या, तेव्हाच दुसऱ्या दिवशीच्या दहा. खाली सही देशकर साहेबांची. क्लबाचे सेक्रेटरी, कारखान्यातही मोठे साहेब.
दहा गोळ्यांत काय होते? हात बसतो तोवर संपतात. जबलपूरच्या स्टेट मॅचसाठी डिसेंबरात नाव जायचं आहे, क्लबातून एकच. आणि नेमकी आत्ताच भिंत पाडायची सुचली.

१२ नोव्हें.
भिंतीच्या जागी तात्पुरती लोखंडी प्लेट. काम अर्थात माझ्या गळ्यात. फॅब्रिकेशन शॉपचा फिटर आयताच मेंबर सापडला. दोन संध्याकाळी गेल्या. प्लेट पुढे झुकती लावली, म्हणजे गोळी आपटून खाली वाळूत पडते.
साहेब म्हणाले, "पोलाद आहे मेश्राम, त्याला काय होते?" भिलाईत सगळ्यांचा देवापेक्षा लोखंडावर भरवसा जास्त. मी म्हटलं, साहेब, मऊ गोळीपुरतं ठीक. मोठ्या रायफलीने खड्डा पडेल, आणि खड्ड्याच्या काठावर बसलेली गोळी कुठे उलटेल ते सांगता येत नाही.
"म्हणून तर नोटीस लावली ना," म्हणाले.
रजिस्टरात नवा रकाना आखला: 'प्लेट पाहिली'. रोज पहिल्या गोळीआधी मी जायचं, प्लेटवर हात फिरवायचा, मग सही. शॉपमधलीच रीत. तिथे सही नसलेला नग पुढे सरकत नाही.

१७ नोव्हें.
आज शंभरात ९४. शेवटचे दोन वाया गेले.
एक पुंगळी हरवली. साहू दाऊने घरी जाऊ दिलं नाही. दाऊ म्हणजे रेंजचा राखणदार, जुना फौजी, रोजंदारीवर आहे. गोळीबार चालू असताना जिच्यापुढे जायचं नाही त्या पिवळ्या पट्टीच्या मागे, भिंतीला लागून त्याची खुर्ची. पुंगळ्यांचा डबा हातात घेऊन बसतो. "पहिली खोखा दे, तब घर जा." पाऊण तास वाळूच्या पोत्यांखाली रांगलो. सापडली तेव्हा त्याने रजिस्टरात दहाचा आकडा असा लिहिला, जसा काही कोषागार सांभाळतो आहे. डोकं फिरलं होतं माझं.

२१ नोव्हें.
९७. आजवर क्लबात कोणाचे नाहीत.
देशकर साहेबांनी पाठीवर हात ठेवला. "नाव तुझंच पाठवतो. तुमच्या लोकांतला पहिलाच जाशील स्टेटला." मी हसलो. घरी येईपर्यंत त्या हसण्याचाच राग येत होता. बायकोला, सुशीलेला, फक्त ९७ सांगितले.

२३ नोव्हें.
लिहवत नाही. तरी लिहितो.
शिफ्ट उशिरा सुटली. पळतच रेंजवर. टार्गेटच्या फ्रेमा आधीच उभ्या, प्लेट कागदांमागे झाकलेली. रजिस्टरात सही ठोकली, 'प्लेट पाहिली', आणि पोटावर आडवा झालो. पहिलीच गोळी. डावीकडून दाऊचा आवाज, मोठा नाही, ठेच लागल्यासारखा. पाहतो तर खुर्चीजवळ उभा, हात उजव्या डोळ्यावर.
त्याला जीपमध्ये घातल्यावर मी पुढे गेलो, फ्रेम सारली. प्लेटवर पाच खड्डे. अंगठा बुडेल एवढे. शनिवारी नव्हते.

२४ नोव्हें.
डोळा गेला. डॉक्टरने सरळ सांगितलं.
दाऊजवळ बसलो. खड्ड्यांचं विचारलं. रविवारी दुपारी देशकर साहेब शिकारीची रायफल घेऊन आले होते. जंगलात जायच्या आधी निशाण जुळवून पाहायचं होतं. दाऊने नोटीस दाखवली. साहेब म्हणाले, नोटीस मेरी ही है. पाच गोळ्या मारल्या. दाऊने पाची पुंगळ्या डब्यात ठेवल्या आणि रजिस्टरात चढवल्या. साहेबांच्या झाल्या म्हणून काय, नियम तो नियम.
मग म्हणाला, "मैं तोला बताए बर उठत रहेंव. तैं तो घोड़ा दबा डारे."
मला सांगायलाच उठत होता तो, तेवढ्यात मी चाप ओढला. रागाने नाही म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

२८ नोव्हें.
साहेबांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक जबलपूरचा, माझं नाव टाइप केलेलं. दुसरा माझा जबाब, तोही टाइप केलेला. म्हणजे मी काय पाहिलं ते मला वाचून कळणार. त्यात लिहिलंय: गोळीबार चालू असताना राखणदार पिवळी पट्टी ओलांडून पुढे आला.
मी म्हटलं, तो पट्टीच्या मागे होता.
"मेश्राम, रजिस्टर माझ्या बंगल्यावर आहे. त्यात तुझी सही आहे, प्लेट पाहिली म्हणून. मी ते उघडलं तर कोणाची मान जाईल? सात तारखेला दहा वाजता चौकशी. सही करून घेऊन ये."
रविवारचं पान अजून त्यात आहे का, हे विचारायची हिंमत झाली नाही.
दाऊ रोजंदारीचा. चूक त्याची ठरली की उद्यापासून त्याची खुर्चीही नाही.

३० नोव्हें.
सुशीलेला सगळं सांगितलं. भाकरी थापणं थांबवलं नाही तिने.
"तुमी पाह्यली होती का प्लेट?"
"नाही."
"मंग सही कावून केली?"
"उशीर झाला होता."
"अन् आता या दुसऱ्या कागदाले का झालं? आता तं उशीर नाही झाला ना तुमाले?"
मी म्हटलं, खरं बोललो तर साहेबाचं काही होणार नाही, माझीच नोकरी जाईल. क्वार्टर जाईल. भंडाऱ्याला परत जाऊन काय करायचं? ती म्हणाली, "तेही खरंच आहे." एवढंच. पुढे जेवणात एक शब्द नाही.

३ डिसें.
दवाखाना. दाऊला कोणी सांगितलेलं दिसत नाही की चूक त्याच्यावर येणार आहे. मीही सांगितलं नाही. भेकड.
त्याच्या बायकोने उशाखालून पुंगळ्यांचा डबा काढून दिला. गडबडीत जीपमध्ये त्याच्या हातातच राहिला होता, तोच. दाऊ म्हणाला, माझ्या माणसांकडून हरवेल, तू रेंजवर जमा कर. "गिन के देबे." आत माझी टू-टूची एक, जीपमध्ये बसतानाही त्याने मागून घेतलेली, आणि बोटाएवढ्या मोठ्या पाच.
निघताना त्याने माझ्या नेमाचं विचारलं, "तोर निसाना बने चलत हे न?"
हो म्हटलं. त्या दिवसापासून रायफलीला हात लावलेला नाही.

६ डिसें.
मरोद्याला विहारात सगळे जमले होते. पांढरे कपडे, मेणबत्त्या. सुशीला पुढे बसली. मी मागे चपलांजवळ. गुरुजी पंचशील देत होते, सगळे मागून म्हणत होते. मुसावादा, खोटं न बोलण्याचं शील, आलं तिथे माझा आवाज बसला. शेजारच्याने पाणी आणून दिलं, त्याला वाटलं खोकला.
बाहेर येऊन सुशीला म्हणाली, "मी लोकाइच्या घरची धुणी-भांडी करीन. मले तेचा धाक नका दाखवू." एक आठवडा ती यावरच विचार करून राहिली होती, आणि मला वाटत होतं अबोला आहे.

७ डिसें. सकाळ
आठचा भोंगा झाला. दहाला चौकशी.
पहाटे उठून माझा कागद लिहिला. पहिली ओळ: 'दि. २३ रोजी मी प्लेट पाहिली नव्हती व तरीही सही केली.' ती लिहायला तासभर लागला. पुढचं भराभर झालं. दाऊ कुठे उभा होता, खड्डे किती, पुंगळ्या कोणत्या रायफलीच्या.
सुशीलेने पुंगळ्यांचा डबा माझ्या पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली ठेवला आहे. काढून मोजल्या. पाच आणि एक. दाऊची सवय लागली.
माझा कागद शर्टाच्या डाव्या खिशात. साहेबांचा उजव्या. त्यावर सही केलेली नाही.
फाडलेलाही नाही.